आयांच्या पुस्तिकेचं काम : बेळगावहून प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

चर्चमधल्या उपासनेनंतर महिला मंडळाची बैठक झाली आणि कामाला सगळ्यांचा होकार मिळाला. जूनमध्ये शाळा भरायच्या आत एक छोटी पुस्तिका काढायची, घरात लेकरं असलेल्या बायकांसाठी. एका पानावर एक प्रसंग, त्याला लागून शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा आणि खाली दोन-चार ओळींची प्रार्थना. प्रसंग आपल्याच भागातल्या आयांनी सांगितलेले हवेत. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि जमलं तर जांबोटीकडची गावं. सांगणारीचं नाव छापायचं नाही, हे आधीच ठरलं.

आधार म्हणून बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा ६ वा अध्याय वाचला. देवाची वचनं मुलांना शिकवा, असं मोशे सांगतो आणि लगेच वेळाही सांगतो: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. या चारही वेळी मूल आईच्या आसपासच असतं. म्हणून पुस्तिकेची मांडणीही तशीच करू या, असं मी सुचवलं: सकाळ, वाट, घर, रात्र.

एक नियम मात्र मी हट्टाने घालून घेतला. ज्या मजकुराचा शेवट ‘म्हणून आईने अमुक करावे’ असा होतो, तो घ्यायचा नाही. आमच्या बायका रविवारी उपासनेला येतात त्याच मुळी पोळ्या लाटून, डबे भरून, लेकरांना आंघोळ घालून. मातृदिन आला की त्यांच्या पदरात आणखी चार कर्तव्यं पडतात. कष्टी आणि भाराक्रांत लोकांना ज्याने ‘माझ्याकडे या’ म्हटलं, त्याच्या नावाने आपण ओझं वाढवायचं नाही. पुस्तिकेने एवढंच दाखवायचं की आई जे करते आहे तिथे देव आधीपासून हजर आहे.

१९ जानेवारी

नमुन्याचं पान लिहून बायकांना दाखवायचं होतं, म्हणून प्रसंग माझ्याच घरातला घेतला.

या दिवसांत बेळगावची थंडी अशी की इडलीचं पीठ रात्रभर ठेवूनही फुगत नाही. पातेलं घोंगडीत गुंडाळून चुलीच्या बाजूला ठेवलं होतं. धाकटी उठून दर थोड्या वेळाने झाकण उचलून बघायची, ‘आई, आलं का वर?’ रविवारी सकाळी पीठ झाकणाला टेकलं होतं, तेव्हा तिने हाका मारून सगळं घर उठवलं.

उतारा मत्तय १३:३३, बाईने पिठात लपवलेल्या खमिराचा, म्हणजे पीठ फुगवणाऱ्या आंबवणाचा. हा दाखला आपण शंभरदा ऐकतो, पण पिठाचं माप सहसा कुणी सांगत नाही. तीन मापं म्हणजे सुमारे ३५ ते ४० लिटर पीठ. एका घराला इतक्या भाकरी लागत नाहीत, सगळा गाव जेवेल. म्हणजे प्रभूने देवाचं राज्य समजावून सांगताना कणीक तिंबणारी बाई घेतली आणि तिच्या पुढ्यात गावजेवणाचं पीठ ठेवलं. पानावर मी एवढंच लिहिलं आणि थांबले. पाळकीणबाईंनी वाचून विचारलं, ‘आणि बोध?’ मी म्हटलं, ‘माप सांगितलं की, बाई.’ त्यांनी पुन्हा एकदा वाचलं आणि पान ठेवलं.

३० जानेवारी

खासबागेत एका वहिनींकडे बसून आले. शहराच्या काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे. यांच्या गल्लीत अजून काही दिवसांआड येतं आणि कधी रात्री तीनला येतं. शेजारची मोटर घरघरली की ह्या उठतात. पिंप, कळशी, बादल्या, मग स्वयंपाकाचं पाणी गाळून वेगळं. पोर चार महिन्यांचं. वहिनी म्हणाल्या, ‘पाणी आलं की माझा अर्धा जीव नळापाशी नि अर्धा पाळण्यापाशी.’ पाणी भरताना पोर रडलं तर त्या तिथूनच गाणं म्हणतात, आवाज पोचला की ते गप्प होतं.

योहान ४ घेतलं. शोमरोनी बाई भर दुपारी घागर घेऊन याकोबाच्या विहिरीवर येते, हे सगळ्यांना पाठ आहे. मला थांबवलं ते सहाव्या वचनाने: येशू प्रवासाने दमून विहिरीपाशी बसला होता. बाई यायच्या आधीच तो तिथे आहे, दमलेला. आणि पहिली विनंती तोच करतो, प्यायला पाणी दे म्हणून.

प्रार्थना वहिनींनीच सांगितली, मी शब्दही बदलला नाही: ‘प्रभू, तूही दमलास हे लिहून ठेवलंय त्याबद्दल उपकार. आज रात्री नळापाशी तू बस, मी पाळण्यापाशी जाते.’

६ फेब्रुवारी

नीतिसूत्रे ३१ वरून बैठकीत बरीच चर्चा झाली. आमच्या मंडळीत लग्न असो, वाढदिवस असो की अंत्यविधी, सद्गुणी स्त्रीचा हा उतारा ठरलेला. दोघीतिघींचं म्हणणं, तो नसेल तर पुस्तिका अपुरी वाटेल. एका तरुण आईने सरळ सांगितलं की तो वाचला की आपण कुठेच पुरे पडत नाही असं वाटतं. पहाटे उठते ती, दिवा विझत नाही तिचा, सूत कातते, शेत घेते, द्राक्षमळा लावते.

मी घरून दोन गोष्टी काढून नेल्या होत्या. पंधराव्या वचनात ही बाई पहाटे उठून आपल्या दासींना त्यांचा वाटा देते. म्हणजे तिच्या हाताखाली माणसं आहेत. घरात एकटीने सगळं रेटणाऱ्या आईपुढे हे चित्र ठेवताना ते वचन गाळणं अन्याय आहे. दुसरं, अध्यायाची सुरुवातच सांगते की ही लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेली वचनं. ती आधी त्याला द्राक्षारसापासून जपायला सांगते, मग मुक्यांच्या वतीने बोल, गरिबांचा न्याय कर म्हणते. आपल्या बायका ऐकतात तो भाग नंतरचा. एक आई आपल्या राज्यावर बसणाऱ्या मुलाला कसं जगावं ते सांगते आहे, आणि तिचे शब्द शास्त्रात आले आहेत.

ठरलं असं की अध्याय घ्यायचा, पण पहिल्या नऊ वचनांपासून सुरू करायचा.

सर्वांत थोरल्या आजी शेवटी म्हणाल्या, ‘आमच्या वेळी हे कुणी वाचूनच दाखवलं नाही गं.’

१६ फेब्रुवारी

निपाणी. आम्ही तिघी सकाळच्या बसने गेलो. राज्य सरकारची शक्ती योजना आल्यापासून बायकांना शून्य रकमेचं तिकीट मिळतं, त्यामुळे अशा फेऱ्यांसाठी मंडळाकडे पैसे मागावे लागत नाहीत. तवंदी घाट उतरला की हवेत तंबाखूचा वास सुरू होतो.

ज्यांच्याकडे गेलो त्या ताई विड्या वळतात. त्यांच्या सासूही वळायच्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू आणि दोऱ्याचं रीळ. बोटं बघत राहावी अशी चालतात: पानात तंबाखू पसरायचा, वळायचं, टोक नखाने आत दाबायचं, दोऱ्याचे दोन वेढे. मजुरी हजारावर ठरते आणि वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्या त्यात धरत नाहीत. त्यामुळे बोलताना हात थांबत नाही. आमच्याशीही त्या खाली बघूनच बोलत होत्या.

त्यांचं अडीच वर्षांचं पोरगं सारखं मांडीवर यायला बघत होतं. मांडीवर सूप. शिवाय तंबाखूची धूळ त्याच्या नाकात जाऊ नये ही ताईंची काळजी. मग त्याने आपलं आपण जमवलं: मागे जाऊन आईच्या पाठीला पाठ लावून बसलं आणि रिकाम्या रिळांशी खेळत राहिलं. ताई हलल्या की तेही हलायचं. दूध तुटून वर्ष झालं होतं. काही मागत नव्हतं. आम्ही दोन तास होतो. ते तिथून उठलं ते फक्त पाणी प्यायला.

स्तोत्र १३१ मी आतापर्यंत किती वेळा वाचलं असेल, पण असं कधी दिसलं नव्हतं. तीन वचनांचं स्तोत्र आहे ते. आपला जीव आपण शांत केला आहे, दूध तुटलेलं मूल आईजवळ असावं तसा, असं स्तोत्रकर्ता म्हणतो. त्या काळी मुलं दोन-तीन वर्षांची होईपर्यंत अंगावर पीत. म्हणजे स्तोत्रातलं मूल चालतं-बोलतं आहे, साधारण या पोराएवढं. तान्ह्याला आई हवी असते ती दुधासाठी. याला आता दुधाची गरज नाही आणि तरी ते आईला चिकटून आहे.

ताईंना उतारा वाचून दाखवला. त्यांचा हात पहिल्यांदाच थांबला. म्हणाल्या, ‘मला वाटायचं, मांडी देता येत न्हाई म्हणून पोरगं दुरावंल. देवाच्या पाठीला पाठ लावून बसलं तरी चालतंय म्हणा की.’

हे वाक्य पानावर जसंच्या तसं जाणार. यावर मी काहीही लिहिणार नाही.

परतीच्या बसमध्ये मात्र तिघींच्यात बोलणं झालं ते मजुरीचं. ज्या घरात बाई दिवसभर मान मोडून बसते, तिथे तिच्या विश्वासाबद्दल गोड लिहून तिच्या कष्टाबद्दल गप्प राहायचं, हे मला पटत नाही. लमुएलच्या आईने मुलाला सांगितलं ते हेच ना, गरिबांच्या वतीने तोंड उघड. पानाच्या प्रार्थनेत कामाच्या योग्य दामाची ओळ घालायची. पाळकसाहेबांना तसं सांगितलं. ते ‘जरूर घाला’ म्हणाले.

१ मार्च

कामाचं थोडं. आकार हाताच्या पंजाएवढा, पर्समध्ये मावेल असा. अक्षर मोठं, कारण आज्या नाती-नातवंडांना वाचून दाखवणार. शास्त्राची सुधारित आवृत्ती बायबल सोसायटीच्या हक्कातली आहे, तेव्हा उतारे पूर्ण छापण्याऐवजी संदर्भ देऊन प्रसंग आपल्या शब्दांत सांगायचा. त्या निमित्ताने वाचणारी शास्त्र उघडेल.

१६ मार्च

परीक्षांचे दिवस, त्यामुळे कुणाला वेळ नाही. जांबोटीकडच्या एका काकू मुलाला भेटायला आल्या होत्या, त्या उपासनेनंतर थांबल्या. मुलगा आठवीत, शहरात वसतिगृहात राहतो. त्यांच्या गावाकडे पावसाळ्यात दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही, पुढच्या वर्गांची शाळा लांब, म्हणून पाचवीनंतर पाठवला.

काकू घरी शिवणकाम करतात. जूनच्या गणवेशाची पॅन्ट त्या आत्ताच शिवतात, मापाला मूल समोर नसताना. मागच्या खेपेला त्याला दारात उभं करून चौकटीवर नखाने खूण केली होती. ती खूण, आणि वर अंदाज. खाली चार बोटं दुमडून, कमरेला आत दोन बोटं माया ठेवून. पिशवीतून काढून दाखवली. दुमडीचे टाके मोठे आणि सैल घातले होते, उसवताना कापडाला छिद्र राहू नये म्हणून. शाईचा डाग पडेल तिथे खिशाला आतून दुहेरी अस्तर.

१ शमुवेल २:१९. हन्ना दर वर्षी नवऱ्याबरोबर शिलोला यज्ञाला जाताना, देवाला वाहून तिथल्या मंदिरात ठेवलेल्या आपल्या मुलासाठी, शमुवेलासाठी, एक लहानसा झगा करून नेत असे. ही माउली आपल्याला ठाऊक असते ती मंदिरात ओठ हलवून रडणारी, किंवा मग मुलाला देवाला देऊन स्तोत्र गाणारी. त्या दोन्ही प्रसंगांत ती मोठी आहे. पण शास्त्र तिथे थांबत नाही, पुढे झग्याचं एक वचन लिहून ठेवतं. वर्षभर न पाहिलेल्या मुलाच्या खांद्याचं माप ती कशावरून धरत असेल? मूल देवाला दिलं, तरी त्याला थंडी वाजेल ही काळजी तिने सोडली नाही, आणि त्यासाठी कुणी तिला कमी विश्वासाची म्हटलं नाही.

आमच्यात काही जणी म्हणतात, देवावर सोपवलं की काळजी करू नये. मला हन्नाचं जास्त पटतं. तिने सोपवलंही आणि शिवलंही.

काकूंना विचारलं, पॅन्ट बरोबर येते का? म्हणाल्या, ‘येते. कधी जरा आखूड होते. मग कळतं, पोर माझ्या अंदाजापेक्षा जास्त वाढलं.’

५ एप्रिल

आजचं काम अवघड होतं. आमच्यातल्या एकीचं बाळ दोन वर्षांपूर्वी गेलं. आईपणाची पुस्तिका निघते म्हटल्यावर ती बैठकांना यायची बंद झाली होती. आज मी तिच्या घरी गेले. ती म्हणाली, ‘ताई, माझंही पान ठेवा. पण देवाची योजना होती असं लिहू नका.’

आम्ही दोघींनी मिळून २ शमुवेल २१ वाचलं. शौल राजाची उपपत्नी रिस्पा. गिबोनी लोकांनी डोंगरावर फाशी दिलेल्या सात जणांत तिची दोन मुलं होती. तिने खडकावर गोणपाट अंथरलं आणि सातूच्या कापणीच्या सुरुवातीपासून आकाशातून पाऊस पडेपर्यंत दिवसा पाखरांना आणि रात्री जनावरांना प्रेतांजवळ येऊ दिलं नाही. त्या देशात सातूची कापणी साधारण याच दिवसांत सुरू होते आणि पाऊस थेट हिवाळ्याच्या तोंडावर. या सगळ्या काळात रिस्पा एक शब्द बोलल्याचं लिहिलेलं नाही. कुणी तिला समजवायला आलं असंही नाही. दावीद राजाच्या कानावर गेलं, तेव्हा त्याने हाडं गोळा करवून नीट पुरवली, आणि त्यानंतर देवाने देशासाठी केलेली विनवणी ऐकली.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘हे पान चालेल.’

आज पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी, हे तिथे बसल्यावर माझ्या लक्षात आलं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई तेव्हा साध्या बायकांना कळेल अशा मराठीत शास्त्राचं भाषांतर करत होत्या. त्यांनी हातचं काम टाकलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि ते शास्त्र १९२४ मध्ये त्यांच्याच मुक्तिमिशन या संस्थेतून छापून बाहेर पडलं. मुलगी गेल्यावरचे ते महिने त्यांनी वचनांसोबत काढले. समोर बसलेल्या तिला मी हे सांगितलं. रमाबाईंवरच्या दोन ओळी रिस्पाच्या पानाखाली याव्यात, ही इच्छा तिची.

२२ एप्रिल

ईस्टर पार पडला. मंडळाचं लक्ष आता परत कामाकडे.

‘वाट’ या भागासाठी एकीने नाताळच्या खरेदीतला प्रसंग दिला: खडेबाजारात मूल हात सोडून गेलं, अर्धा तास सापडलं नाही, शेवटी बांगड्यांच्या दुकानासमोर उभं. सापडल्यावर तिने आधी एक धपाटा घातला आणि मग कवटाळलं. ‘रडूलायस कशाला?’ असं त्याच्यावरच ओरडली, स्वतः रडत. लूक २ ला हे जुळतं. येशू सोबतच्या लोकांत असेल असं समजून मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले आणि तिसऱ्या दिवशी मंदिरात सापडल्यावर मरिया त्याला बोललीच. त्याचं उत्तर त्यांना समजलं नाही, असं लूक स्पष्ट लिहितो. न समजलेल्या सगळ्या गोष्टी तिने मनात जपून ठेवल्या. प्रभूच्या आईलाही मूल गर्दीत हरवल्याचा धसका ठाऊक होता, एवढं पानावर पुरेसं आहे.

१० मे

छापखाना. आम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर त्यांच्या श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये घेताना जोडाक्षरं बिघडली. ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ अशा शब्दांतला र सगळीकडे सुटा पडला होता. शब्दशः ओळीवर बोट ठेवून तपासलं. निपाणीच्या ताईंचं वाक्य आणि खासबागेच्या वहिनींची प्रार्थना यांत काना-मात्राही बदलू नये म्हणून ती दोन पानं दोघींनी वेगवेगळी वाचली. उद्या मातृदिन. पाळकसाहेब उपदेशाला नीतिसूत्रे ३१ ची पहिली नऊ वचनं घेणार आहेत, त्यांनी स्वतःहून सांगितलं.

२४ मे

खानापुरात कच्च्या प्रतीचं वाचन. वळवाच्या सरीने रस्ता धुऊन निघाला होता, तरी बायका आल्या.

पानं एकेक करून वाचली. मधेच बैलहोंगलकडचं माहेर असलेली एक सून म्हणाली की तिला मराठी बोलता येतं, ऐकून सगळं कळतं, पण वाचायला कन्नडच सोपं जातं. घरात सासूबाई मुलांकडून मराठीत प्रार्थना म्हणून घेतात, ही रात्री निजवताना कन्नडात म्हणते. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘पोरांना दोन्ही येतंय. देवाला काय, दोन्ही कळतंय.’

मग आम्ही प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तिमथ्य याचं घर काढलं. आजी लोईस, आई युनीके, दोघी विश्वासणाऱ्या. बाप ग्रीक, असं प्रेषितांची कृत्ये १६ सांगतं. असल्या दोन तऱ्हांच्या घरात त्या पोराला बाळपणापासून शास्त्र माहीत झालं आणि पौलाने पत्रात दोघींची नावं घालून त्यांच्या विश्वासाची आठवण काढली. सीमाभागातल्या कितीतरी घरांना हे पान लागू पडेल. यादीत ते नव्हतं; ‘रात्र’ या भागात आजच घेतलं. प्रसंग या सासू-सुनेचाच, दोघींनी परवानगी दिली.

त्या सुनेने आणखी एक काम अंगावर घेतलं. मराठी मजकूर ती कन्नड लिपीत उतरवून देणार, तिच्यासारख्या आणखी सुना आपल्या मंडळ्यांत आहेत म्हणाली. छापखान्याला कळवून त्या प्रतीचा खर्च विचारायचा. निपाणीचा गठ्ठा मी नेणार, जांबोटीचा काकूंकडे, मुलाला सुट्टीवरून सोडायला येतील तेव्हा. कोणत्या पानापासून उतरवायला घेऊ, असं तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच स्तोत्र १३१ चं पान पिशवीत घातलं.